चार बोटं वर

दादा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होता तेव्हा मला चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या, आणि यायला लागल्या तेव्हा तुम्ही नव्हता. आज बसले आहे ती आठवण आली म्हणून नाही. भीतीनं बसले आहे. मंगळवारपासून ती गेलेली नाही. मुलगी समोर खाटेवर पडली आहे. तिला सातवा सरून आठवा लागलाय, आणि ती नुसती कुशीवर वळली तरी मी लिहायचं थांबून बघते. तिला वाटतंय मी पाण्याच्या मशीनवाल्यांना तक्रार लिहितेय. वाटू दे.

मशीन आणलं ते माझ्या जावयांनी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोर इकडे यायची होती, आणि आमच्या श्रीगोंद्याकडच्या या वस्तीवर बोअरचं पाणी असं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि हंड्याच्या आत पांढरा थर धरतो. तुमचे जावई, म्हणजे माझे मालक, जन्मभर हेच पाणी प्यायले. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी पाण्याला दोष देत नाही, त्यांचं हृदय बंद पडलं. पण त्यांच्या तांब्याच्या बुडाशी तो थर अजून आहे आणि मी तो खरवडलेला नाही. पोरीचं याआधीचं चौथ्या महिन्यात गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, म्हणजे त्यांना सांगता आलं नाही. कारण कळलं नाही की माणूस सगळ्यालाच भितो. अन्नाला भितो, उन्हाला भितो, पाण्याला तर भितोच. म्हणून मशीन.

बसवायला तालुक्याहून एक मेकॅनिक आला, हसऱ्या तोंडाचा, पण घाईचा. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर त्यानं भिंतीला दोन भोकं पाडली, मशीन टांगलं, नळाच्या आधी तीन तोंडांची एक टी बसवली आणि तिथून पांढरी बारीक नळी मशीनला आणली. दादा, तुम्ही या नळ्या बघितल्या नाहीत. करंगळीपेक्षा बारीक. पाना नाही, सूत नाही, सफेदा नाही. नळी जोडात नुसती ढकलायची, आत दात असतात ते धरतात, मग मागं ओढून बघायचं, सुटली नाही म्हणजे बसली. टीच्या आट्यांवर त्यानं पांढरी टेप गुंडाळली ती उलट्या बाजूनं. पाणी सुरू केल्याबरोबर थेंब थेंब गळायला लागलं. मी म्हटलं, "बाळा, आटा ज्या अंगानं फिरतो त्या अंगानंच टेप गुंडाळ, नाहीतर फिरवताना सुटून येते." तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मावशी, तुम्ही कुठं शिकलात हे?"

"माझे वडील फिटर होते."

"मग मला कशाला बोलावलंत?" म्हणून तो हसला, आणि टेप काढून त्यानं पुन्हा गुंडाळली. गळायचं थांबलं. मला बरं वाटलं, दादा, खोटं कशाला सांगू. पोर नगरहून आदल्या दिवशीच आली होती, ती दारात उभी राहून बघत होती. आईला असलं काही येतं हे तिला माहीतच नव्हतं.

सगळं झालं ते वाया जाणाऱ्या पाण्यावरून. हे मशीन एक बादली गोड पाणी देताना तीन बादल्या खारं पाणी बाहेर टाकतं, त्याला वेगळी नळी असते. मेकॅनिक म्हणाला, "ही बेसिनमध्ये सोडतो, जाईल गटारात." मी म्हटलं, "अरे, उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघतो. तीन बादल्या गटारात सोडल्या तर मी शेजारणींना काय तोंड दाखवू? भिंतीपलीकडे ड्रम आहे, त्यात सोड. भांड्याला होईल, अंगण सारवायला होईल." त्याला अजून दोन घरं गाठायची होती. "बाहेर न्यायचं म्हणजे तास मोडतो, मावशी. नळी देऊन जातो, तुम्ही तर फिटरच्या लेक." चार मीटर नळी, दोन कोपरे आणि एक सरळ जोड ओट्यावर ठेवून तो गेला.

मी बसवलं. तुम्ही लग्नात दिलेल्या सुरीनं नळी कापली. हेक्सा ब्लेडचा तुकडा दगडावर घासून तुम्ही ती सुरी केली होती आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली होती. बाकीच्यांनी भांडी दिली, तुम्ही ही दिलीत. ट्यूब मी दोनदा बदलली, पातं तेच आहे. नळी सरळ कापली, तिरकी नाही. तिरकी कापली की जोडात एका अंगाला बसते आणि दुसऱ्या अंगाला गळते, हे तुमचंच. जुन्या केबलच्या भोकातून बाहेर काढली, कोपरा ढकलला, ओढून बघितला, आणि टोक ड्रममध्ये सोडलं. ड्रम तेव्हा पाऊण रिकामा होता. टोक पाण्याच्या बरंच वर होतं, पण ड्रमच्या काठाच्या हातभर खाली लोंबत होतं. ड्रम भरला की ते बुडणार हे मला दिसत होतं. कापायला हवी होती. पण नवीकोरी नळी, चांगली हातभर, ती कापून फेकायला जीव होईना. म्हटलं, उद्या बघू, तार लावून वर बांधू.

आत आले तर पोर ग्लास धरून मशीनपुढं उभी. "आई, झालं का सगळं? नीट बघितलंस ना? पिऊ?"

मी म्हटलं, "हो. पी."

दादा, माझ्या तोंडातून तो शब्द सहज गेला, आणि लगेच माझ्या अंगावर काटा आला. का आला ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही सायकल चालवताय आणि मी मागं कॅरिअरवर बसले आहे. मांडीवर पान्यांची पिशवी. चौथीनंतर शाळा सुटली, भाऊ नव्हता, आई दम्यानं बेजार, म्हणून तुम्ही मला कामावर नेता. घोडेगावच्या अलीकडे एक वस्ती, ऊसवाल्यांची. विहिरीवर नवी मोटर बसलीय आणि तिथून जनावरांच्या हौदापर्यंत पाईप न्यायचाय. वस्तीवरचे लोक माझ्याकडे बघून हसतात. एक जण म्हणतो, "फिटर, पोरगी पाना उचलंल का हो?" तुम्ही वरसुद्धा न बघता म्हणता, "पाना उचलायला मिशा लागत न्हाईत, पाव्हणं." सगळे हसतात. मीही हसते. माझ्या अंगावर आईनं शिवलेला हिरवा परकर आहे, पहिल्यांदाच घातलेला.

हौदाच्या अलीकडे तुम्ही एक फाटा काढलात, त्याला रबरी नळी. फवारणीचा ड्रम भरायला. नळीचं टोक ड्रमच्या काठावर तारेनं बांधायचं काम मला दिलंत आणि चार बोटं माझ्यापुढं धरलीत. "टोक पान्याच्या वर चार बोटं राहिलं पायजे. ड्रम काठोकाठ भरला तरीबी. का? मोटर बंद पडली की पाईपातलं पानी हिरीकडं माघारी पळतं. पळताना नळीच्या तोंडाला जे सापडंल ते वढून नेतं. पानी जसं पुढं जातं तसं मागंबी येतं, हे ध्यानात ठेव." तुमची चार बोटं, त्यातलं तर्जनीचं नख काळं पडलेलं, ती मला आत्ताही दिसतायत.

मी बांधली. तुम्ही विहिरीवरून हाक मारलीत, "चार बोटं सोडलीस का?" मी ओरडले, "व्हय!"

तिसऱ्या दिवशी तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही मला बरोबर घेतलंत, काय झालंय ते कुणीच सांगितलं नव्हतं. दारात म्हैस आडवी पडली होती. महिन्यापूर्वीच घोडेगावच्या बाजारातून आणलेली, दुभती. तोंडाला फेस. झालं होतं असं, की त्यांनी ड्रममध्ये आधी औषध ओतलं, मग नळी सोडून पाणी भरायला लावलं, हौदाचा कॉक बंद केला, आणि मधेच लाइट गेली. लाइट आल्यावर कुणी तरी हौदाचा कॉक उघडला. पहिला लोंढा हौदात गेला तो औषधाचा, आणि म्हैस तेच प्यायली. घरातली म्हातारी उंबऱ्यात बसून होती, ती तुम्हाला म्हणाली, "फिटर, माज्या लेकरांचं दूध घालवलंस रं." तुम्ही ड्रमपाशी गेलात. नळीचं टोक तळाशी बुडालेलं होतं आणि काठावर तार सैल लोंबत होती. तुम्ही ती तार दोन बोटांत धरून बराच वेळ बघितलीत. मग वळून सगळ्यांसमोर म्हणालात, "माज्या हातून राहिलं."

घरी येताना तुम्ही सायकलवर बसलाच नाहीत, हातात धरून चालत राहिलात. मी मागं. गावाची वेस दिसायला लागल्यावर म्हणालात, "तार सैल राहती. माज्या हातूनबी राहिलीय कदी कदी. त्याचं काय न्हाई. पन म्या इचारलं तवा तू न बघताच व्हय म्हनलीस. न्हाई बघितलं तर न्हाई बघितलं म्हनावं, त्यात कमीपना न्हाई." एवढंच. मारलं नाहीत, आईला सांगितलं नाहीत. त्या वस्तीवरून पुन्हा तुम्हाला कुणी बोलावलं नाही. मला मात्र तुम्ही पुढंही कामावर नेत राहिलात, फक्त "केलंस का" असं कधी विचारलं नाहीत. मी बांधलेलं प्रत्येक टोक, मी आवळलेला प्रत्येक जोड तुम्ही स्वतः येऊन बघायचात. ते मला माराहून जास्त लागलं.

आता मंगळवारचं सांगते. दुपारी दोनच्या सुमारास लाइट गेली. मशीनची घरघर थांबली आणि मला एकदम त्या नळीची आठवण झाली. सकाळपासून मशीन चालू होतं, ड्रम भरला असणार. आदल्या दिवशीचं "उद्या बघू" तसंच राहिलं होतं. मी मागच्या दारानं बाहेर आले. शेजारीच राहणारे माझे दीर ड्रमपाशी उभे होते, हातात काठी, आणि ड्रममधलं पाणी काठीनं ढवळत होते. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. आमची पांढरी नळी त्यात हातभर बुडालेली.

"भाऊजी, हे काय करताय?"

"कांद्याला औशद मारायचंय वैनी. शेतातली लाइट मगाशीच गेली, मोटर बंद. म्हनलं ह्यो ड्रम आयताच भरलाय." ते हसत होते. "कांद्याला फिल्टरचं पानी! बाजारात येगळाच उठून दिसंल बघा."

"औषध कधी टाकलंत?"

"आत्ताच की. का वो?"

ड्रमच्या बुडाशी बाटली पडली होती. लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल विष. तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं, दादा, आणि आता येतं, तर त्या बाटलीवरची ओळ न् ओळ मी उभ्या उभ्या वाचली. मी नळी ओढून वर काढली. तिच्या टोकातून पांढरे थेंब गळत होते. नळीही पांढरी, बाहेरून बघून आत काय आहे कळेना. ते नुसतं शिरलं होतं की ओढलं गेलं होतं? कुठवर? भिंतीच्या आत गेलं असेल का? मशीनमध्ये गेलं असेल का?

मी आतून सुरी आणली. टोकाकडून एक वीत कापली आणि फरशीवर झटकली. पांढरं. दुसरी वीत कापली. पांढरं. दीर म्हणाले, "वैनी, नवी नळी हाय, खुळ्या झाल्या का?" मी म्हटलं, "तुम्ही बाजूला व्हा." तिसरी वीत. तीही गढूळ. माझ्या हाताला एवढा घाम की मुठीवरची ट्यूब नसती तर सुरी निसटली असती. नळी भिंतीच्या भोकात शिरते तिथून चौथी वीत राहिली होती. ती कापताना मी डोळे मिटले. झटकली आणि उघडले. फरशीवर पडलं ते पाणी नितळ होतं. मी खाली वाकून वास घेतला. वास नव्हता. पण माझ्या बोटांनाच वास होता, त्यामुळे त्याचाही भरवसा वाटेना.

आणि मग डोक्यात आलं, पोर. मी धावत आत गेले. ती स्वयंपाकघरात होती आणि तिच्या हातात ग्लास होता.

"ठेव तो! किती प्यायलीस?"

"काय झालं आई? अजून नाही प्यायले. सकाळी एक ग्लास घेतला होता. नंतर ताकच घेतलं. अगं, रडतेस काय?"

सकाळी ड्रममध्ये औषध नव्हतं. दीर म्हणाले होते, आत्ताच टाकलं. मी त्यांना परत जाऊन विचारलं, तीन वेळा विचारलं, शेवटी ते चिडले, "आता बेलभंडारा उचलू का वैनी?" मग मी पोरीसमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण नळी लांब आहे हे तुला दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं."

"मग मी विचारलं तेव्हा हो कशाला म्हणालीस?"

मी म्हटलं, "तू दारात उभी राहून बघत होतीस. आईला येतं म्हणून कौतुकानं बघत होतीस. तुझं ते तोंड बघून मला नाही म्हणवेना."  ती उठली, बाळ हललं म्हणाली, आणि माझा हात घेऊन तिथं ठेवला. मला हललेलं कळलं नाही. 

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका मावशी, उलटं येतच नाही, आत व्हॉल असतो."

"तू बघितलायस तो व्हॉल? या मशीनमधला?"

"तसा... उघडून नाही बघितला."

"मग नाही बघितला म्हण."

बुधवारी आला बिचारा. मशीन उघडून व्हॉल दाखवला, आतल्या नळ्या बदलल्या, फिल्टर बदलला, दोन तास पाणी सोडून दिलं. आम्ही तालुक्याला डॉक्टरीण बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी तपासलं, ठोके ऐकवले, सगळं ठीक आहे म्हणाल्या. दिरांनी आपणहून तो ड्रम शेतात नेला, माझ्यासाठी दुसरा आणून ठेवला. मी नवी नळी आणली, कापली, आणि टोक ड्रमच्या काठाच्या वर तारेनं आवळून बांधलं. काठोकाठ भरला तरी चार बोटं राहतील असं. मग पोरीला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "माझ्यावर जाऊ नको. तू स्वतः बघ." तिनं स्वतःची चार बोटं मधे घालून बघितली. "राहतात," म्हणाली.

तरी ती अजून जारचंच पाणी पितेय. मशीनचं गोड पाणी मी एकटी पिते. रोज सकाळी एक ग्लास, आणि मग दुपारपर्यंत स्वतःकडे लक्ष ठेवून बसते. लाइट गेली की हातातलं टाकून मागच्या दारी जाते, तार हलवून बघते. अजून दोन महिने आहेत. दोन महिन्यांत लाइट किती वेळा जाईल, आणि त्यानंतर तर घरात बाळ असेल, त्याचं दूध, त्याची आंघोळ, सगळं पाणीच. ही भीती आता जाईल असं मला वाटत नाही. तुम्ही मी आवळलेला प्रत्येक जोड स्वतः येऊन बघायचात, तेव्हा मला वाटायचं तुमचा माझ्यावर विश्वास उरला नाही. आता वाटतं, तुम्हीही घाबरला असाल. तुमच्या पाठोपाठ पान्यांची पिशवी घेऊन हीच भीती हिंडत असेल.

हा कागद मी मशीनच्या माहितीपुस्तकात घालून ठेवणार आहे, वॉरंटीच्या कार्डाशेजारी. पोरीनं उघडलं तर वाचेल. तिला निम्मं मी सांगितलंच आहे. उरलेलं तिलाही नाही, आईलाही नाही, मालकांनाही कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी वस्तीवर मी आधी नळी बरोबर बांधली होती, दादा. चार बोटं वर, तार घट्ट आवळून. मग तुम्ही मोटर सुरू केली आणि वरून पडणारं पाणी ड्रममधून उडून माझ्या नव्या परकरावर यायला लागलं. मी तार सैल केली आणि टोक खाली सोडलं, पार तळापर्यंत. उडायचं थांबलं. तेवढ्यात तुमची हाक आली. तुम्ही जन्मभर समजत राहिलात की मी न बघता व्हय म्हणाले, आणि मीही तुम्हाला तसं समजू दिलं, कारण त्यात माझा दोष कमी होता.

मी बघितलं होतं.